पाय लागला होता, सर!

"शिट्टी वाजली नाही ना? मग तू बाद नाहीस."

खालापूर-कर्जत पट्ट्यातल्या शालेय कबड्डीच्या मैदानावर हे वाक्य दर हंगामात कानावर येतं. बोलणारा कुणी टवाळ प्रेक्षक असता तर सोडून दिलं असतं. पण बोलतात ते सर. पी.टी.चे सर. तेरा-चौदा वर्षांच्या पोराची टाच अंतिम रेषेबाहेर टेकलेली असते. त्याला ते कळलेलं असतं, मान खाली घालून तो बाहेर निघालेलाही असतो. तेवढ्यात कडेवरून हाक येते, "कुठे निघालास? पंचांनी बोलावलं का तुला? फीर मागे!"

पोर मागे फिरतं.

आज मला त्या मागे फिरण्याबद्दलच लिहायचं आहे. सामना कोण जिंकलं ते आठवडाभरात विसरलं जातं. खरं बोलायला निघालेल्या मुलाला ज्याच्यावर त्याचा सगळ्यात जास्त विश्वास आहे त्याच माणसाने परत बोलावलं, हे त्याच्या डोक्यातून जात नाही. पुढच्या सामन्यात तो बाहेर निघतच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तो पंचांशी हुज्जत घालतो. एकोणीस वर्षांखालच्या संघात येईपर्यंत त्याच्या हातात ती कला बसलेली असते: दुसऱ्याची टाच बाहेर गेली म्हणून दोन्ही हात वर करून ओरडायचं आणि स्वतःची गेली तर चेहरा कोरा ठेवायचा.

लोधिवली हे जुन्या मुंबई-पुणे महामार्गाच्या काठचं गाव. एका अंगाला पाताळगंगेचे कारखाने आणि रसायनी-मोहोपाडा, दुसऱ्या अंगाला चौक आणि त्याच्या माथ्यावर इर्शाळगड. टेनिस बॉलच्या क्रिकेटने या भागातली मैदानं व्यापली हे खरं, पण कबड्डी अजून हटलेली नाही. भातकापणी उरकली, शेतं मोकळी झाली की मंडळांच्या स्पर्धा लागतात, रात्री, प्रकाशझोतात. आसपासच्या वाड्यांवरची माणसं पोराबाळांसकट येऊन उशिरापर्यंत बसतात. शाळांचा हंगाम त्याच्या आधीचा, ऐन पावसाळ्यातला. तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट, मुलगे वेगळे आणि मुली वेगळ्या. सामने बहुतेक बाद पद्धतीचे, कारण साखळी सामने खेळवायला दिवस नसतात आणि पैसाही नसतो. एक सामना हरलात की त्या शाळेचं वर्ष संपलं. दहावीतल्या मुलीची तर शाळेतली कबड्डीच संपली.

त्यामुळे "खेळच तर आहे, एवढं काय" असं मी मुळीच म्हणणार नाही. या सामन्यांना खूप काही बांधलेलं असतं. कोणत्या पातळीपर्यंत खेळलात त्यावर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण ठरतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, भारत पेट्रोलियम, महिंद्रा यांच्या संघांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी कबड्डीपटूंच्या घरची चूल पेटती ठेवली. २०१४ पासून प्रो कबड्डी आली आणि वाडीवरच्या पोरालाही टीव्हीवर आपल्यासारखं कुणीतरी दिसू लागलं. कातकरी किंवा ठाकूर वाडीतल्या मुलासाठी तालुक्याचा एक सामना हा आयुष्याचा फाटा असू शकतो. माझा आग्रह त्यासाठीच आहे. जिथे एवढं पणाला लागलंय तिथे दोन बोटं रुंदीची रेषा खोटी पडली तर कुणाचं तरी खरंखुरं नुकसान होतं.

रेषा किती आहेत बघा. पुरुष आणि कुमारांचं मैदान १३ बाय १० मीटरचं, महिलांचं १२ बाय ८. मोठ्या मैदानावर मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा. चढाईला गेलेल्याने ती ओलांडलीच पाहिजे. कुणाला न शिवता आणि ती न ओलांडता परतला तर तो बाद. तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात जण असले तरच बोनस मिळतो, आणि तोही एक पाय रेषेपलीकडे पडला असताना मागचा पाय हवेत असेल तर. दोन्ही बाजूंना १ मीटर रुंदीची लॉबी. स्पर्श किंवा झटापट झाल्याशिवाय ती खेळात धरत नाहीत. मग बाजूच्या रेषा, शेवटी अंतिम रेषा. प्रत्येक रेषा ३ ते ५ सेंटिमीटर रुंदीची. ३० सेकंदांच्या एका चढाईत यातल्या पाच ठिकाणी निकाल लागू शकतो.

मॅटवर या रेषा पक्क्या असतात. आपल्याकडे माती, आणि मातीवर मारलेली फक्की. श्रावणातल्या एका सरीत ती चिखलात मिसळते. पहिला डाव निम्मा होईतो रेषा कुठे होती हे फक्त आठवणीत उरतं, आणि सात-सात जणांच्या दोन संघांना एकच रेषा दोन ठिकाणी आठवायला लागते.

नियमाप्रमाणे सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक लागतात. अंतिम रेषेवर नजर ठेवणं हे सहायक गुणलेखकांचं काम. तालुका पातळीवर एवढी माणसं उभी करताना आयोजकांचा जीव जातो. बऱ्याचदा सहभागी शाळांचेच शिक्षक एकमेकांच्या सामन्यांना पंच म्हणून उभे राहतात, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, एकापाठोपाठ एक सामने. त्यांना मी दोष देणार नाही. साखळी डावीकडे झुकली, रेडरने बोनसला पाय टाकला, त्याच वेळी उजव्या कोपऱ्यातल्या मुलाची टाच बाहेर गेली. हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतं. पंचाला त्यातली एक गोष्ट दिसते. फार तर दोन.

ज्याची टाच बाहेर गेली त्याला मात्र ती कळते. अनवाणी खेळणाऱ्या पोराला तर हमखास कळते.

या टाचेची किंमतही मोठी आहे. बाहेर पाय पडलेल्या बचावपटूने पकडीत हात घातला, तर ती पकड धरत नाहीत. चढाई करणारा नाबाद ठरतो आणि तो बचावपटू बाद. म्हणजे कोपऱ्यातल्या त्या मुलाने कबूल केलं तर गुण समोरच्यांना. गप्प राहिला तर गुण आपल्याला. एका गप्प बसण्याने दोन गुणांचा फरक पडतो, आणि शेवटच्या मिनिटात दोन गुणांत सामना फिरतो. मोह किती मोठा आहे हे मला समजतं. आपण तो तेरा वर्षांच्या मुलापुढे ठेवतो आणि मदतीला कुणाला उभं करत नाही. उलट कडेला उभं असलेलं मोठं माणूस मोहाच्या बाजूने ओरडत असतं, ही खरी लाजेची गोष्ट आहे.

आता दुसरी बाजू बघा. हीच पोरं शाळा सुटल्यावर शेतात, देवळासमोर, रस्त्याच्या कडेला हुतूतू खेळतात. पायाच्या अंगठ्याने ओढलेली रेघ, पंच नाही, शिट्टी नाही, गुणफलक नाही. तिथे कोण बाद हे कसं ठरतं? पोरंच ठरवतात. थोडी भांडाभांडी होते, मग कुणीतरी "हो रे, लागला होता" म्हणून बाजूला होतो. दोनदा खोटं बोललेल्याला तिसऱ्या दिवशी खेळायला घेत नाहीत. पंच नसताना खेळ चालतो तो खेळणाऱ्यांच्या खरेपणावर, आणि पिढ्यान्‌पिढ्या तो चालत आलाय. त्याच पोरांना आपण गणवेश घालतो, पाठीवर नंबर लावतो, पंच उभे करतो, आणि त्याच पोरांच्या मनात भरवतो की खरं-खोटं बघणं आता पंचांचं काम, तुझं नाही. पंच आले की आपला खरेपणा त्यांच्याकडे जमा करून मोकळं व्हायचं, ही शिकवण शेतातल्या हुतूतूत नव्हती. ती शाळेने आणली.

जाणकार म्हणतील, वरच्या पातळीवरही हेच चालतं, हांगझोऊ विसरलात का? विसरलो नाही. ७ ऑक्टोबर २०२३, आशियाई स्पर्धेची पुरुषांची अंतिम लढत, भारत विरुद्ध इराण. गुण २८-२८. जेमतेम मिनिटभराचा खेळ बाकी. कर्णधार पवन सेहरावत निर्णायक चढाईला गेला आणि कुणाला स्पर्श होण्याआधी लॉबीत उतरला. त्याच्या मागे इराणचे बचावपटूही लॉबीत उतरले. झालं. एका नियमाने फक्त पवन बाद, दुसऱ्या नियमाने त्याच्यामागे लॉबीत गेलेले इराणीही बाद. निर्णय फिरले, पुन्हा फिरले. दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले, सामना तासभर अडकला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. आपल्या महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे त्या सुवर्णपदकाच्या संघात होते, याचा मला अभिमान आहे.

पण त्या वादाचं स्वरूप नीट बघा. पाय कुठे पडला हे चित्रफितीत दिसत होतं. भांडण होतं ते कोणत्या नियमाने मोजायचं याचं. हे भांडण मोठ्या माणसांनी आधीच टेबलावर बसून मिटवायला हवं होतं. त्यांनी ते मिटवलं नाही आणि पदकाच्या सामन्याची शोभा झाली, हा दोष कारभाऱ्यांचा. आपल्या तालुक्यात उलटं आहे. नियमाबद्दल कुणाचं दुमत नसतं, लॉबी म्हणजे काय ते सातवीतल्या मुलीलाही ठाऊक असतं. पाय कुठे पडला एवढंच कुणी सांगत नाही. म्हणून हांगझोऊचा दाखला देऊन आपल्या सरांनी सुटू नये.

आणि त्या सामन्यानंतर काय झालं तेही सांगा पोरांना. पदकं गळ्यात पडून दोन-तीन दिवसही झाले नाहीत तोच मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव झाला, आणि इराणच्या त्या संघातल्या मोहम्मदरेझा शादलूला पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतलं. १ मार्च २०२४ ला पलटणने विजेतेपद पटकावलं तेव्हा कर्णधार होता अस्लम इनामदार आणि त्याच्या बचावफळीत होता शादलू. ज्याच्याशी आज रेषेवरून भांडलात, उद्या त्याच्याच हातात हात घालून साखळी करायची वेळ येते. चौकच्या आणि मोहोपाड्याच्या शाळांतली मुलं तालुक्याला एकमेकांविरुद्ध खेळतात आणि पुढे जिल्ह्याच्या निवड संघात एकत्र येऊ शकतात. तेव्हा शेजारी उभा असलेला मुलगा खोटं बोलतो हे आधीच ठाऊक असेल, तर त्याच्या हातात आपला हात विश्वासाने कसा द्यायचा?

रेषेच्या खोटेपणाइतकाच मला पकडीतला खोटेपणा डाचतो. कबड्डीचे नियम ज्यांनी घडवले ते मातीतले लोक होते. अंगाला तेल लावायचं नाही, नखं बारीक कापलेली हवीत, अंगावर दागिना नको, असं त्यांनी लिहून ठेवलं. तोंड दाबून दम मोडायचा नाही, गळा आवळायचा नाही, पायांची कात्री घालायची नाही, इजा होईल अशी झोंबी घ्यायची नाही. यातली प्रत्येक मनाई कुणीतरी आधी तसं केल्यामुळे आलेली असणार. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला जाऊन हा खेळ जगाला दाखवला. १९९० मध्ये तो बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत गेला. जिवावर बेतू शकणारा हा खेळ जगभर चालला तो या मनाया पाळणारे खेळाडू होते म्हणून.

शालेय सामन्यात सातजण एकावर कोसळले की आत काय चाललंय ते पंचाला दिसत नाही. एक हात तोंडावर जातो. कुणी गुडघा वळवतो. कुणी रेडर थांबलेला असताना, शिट्टी झाल्यावरही, त्याला रेषेबाहेर ढकलून देतो, आणि आपल्या मैदानांच्या रेषेबाहेर मॅट नसते. कुठे दगडी बांध असतो, कुठे सिमेंटची पायरी, कुठे मांडवाचा बांबू. चढाई करणाऱ्याला धडक देऊन रेषेबाहेर काढायचं, तो डॅश हे कबड्डीचं देखणं कौशल्य आहे, मी त्याच्या विरोधात नाही. हातपाय गोळा करून, वेळ साधून मारलेला डॅश बघायला मी पावसात उभा राहीन. थांबलेल्या पोराला ढकलणं हा डॅश नव्हे. मोडलेलं मनगट घेऊन भातलावणीच्या दिवसांत घरी बसलेला मुलगा म्हणजे त्या घराचे दोन हात कमी.

हा रोग फक्त आपलाच नाही. अमेरिकेत शाळाशाळांमध्ये त्यांचं फुटबॉल खेळतात, लांबट चेंडूचं. तिथे दोन फळ्या समोरासमोर वाकून उभ्या राहतात आणि इशारा होताच एकमेकांना भिडतात. समोरच्याला धरून ठेवलं तर १० यार्डांचा दंड. पण हात अंगाच्या आत राहिले की धरलेलं पंचाला दिसत नाही, हे फळीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तिथल्या शेवटच्या फेऱ्यांच्या सामन्यांना गावंच्या गावं लोटतात, आणि दिसणार नाही असं धरणं म्हणजे लबाडी की कसब, यावर त्यांच्यातही वाद आहेत. मला विचाराल तर उत्तर सोपं आहे. जे पंच बघत असताना तू केलं नसतंस, ते कसब नाही.

आता तो आक्षेप, जो मला तोंडावर ऐकवला जातो. "साहेब, समोरचे खोटं बोलणार आणि आमच्या पोरांनी हात वर करून बाहेर जायचं? आमचं नुकसान तुम्ही भरून देणार का?" आक्षेप खरा आहे, टाळण्यासारखा नाही. खरं बोलल्याने सामना हरता येतो. १९८० च्या फेब्रुवारीत वानखेडेवर भारत-इंग्लंड कसोटी होती, क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची. इंग्लंड ५ बाद ५८. बॉब टेलरला पंचांनी यष्टीमागे झेलबाद दिलं. पहिल्या स्लिपमध्ये उभ्या असलेल्या कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथला दिसलं होतं की चेंडू बॅटला लागलेलाच नाही. त्याने पंचांना सांगून टेलरला परत बोलावलं. टेलर आणि इयान बोथमने १७१ धावांची भागी केली आणि भारत ती कसोटी १० गड्यांनी हरला. विश्वनाथला त्याचं बक्षीस मिळालं नाही, पराभव मिळाला. मी मुलांना ही गोष्ट शेवटासकट सांगा म्हणतो. हरला, हे लपवू नका. हरण्याची तयारी असणाऱ्यालाच खरं बोलता येतं, आणि ती तयारी कोवळ्या वयात झाली नाही तर पुढे होत नाही.

पण या आक्षेपाला माझं दुसरंही उत्तर आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. रेषेवर खोटं चालू लागलं की फायदा नेमका कुणाचा होतो? ज्याच्या कडेला मोठ्या आवाजाचे सर, दोन-चार पालक, संस्थेचा एखादा पदाधिकारी आणि मोबाइलवर चित्रीकरण करणारा मामा असतो त्याचा. आश्रमशाळेचा संघ येतो तो एका शिक्षकासोबत, एसटीने किंवा टेम्पोने. त्यांचे आईबाप मजुरीवर असतात, काही तर वीटभट्टीवर परजिल्ह्यात. त्या मुलीचा बोनस खरा असतो, पण तिच्या बाजूने ओरडायला कुणी नसतं. दंगा झाला की पंच घाबरतात, आणि दंग्यात मोठा आवाज जिंकतो. मग ती मुलगी तालुक्यातच थांबते, आणि जिल्ह्याला जाते ती मोठ्या आवाजाची शाळा. सवलतीचे गुण, प्रमाणपत्र, पुढची भरती, सगळं त्याच रस्त्याने जातं. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लागल्याची प्रकरणं महाराष्ट्राने पाहिली आहेत आणि आपण सगळे तेव्हा हळहळलो. त्या कागदाची पहिली ओळ तालुक्याच्या मैदानावर लिहिली जाते, "फीर मागे" या हाकेने.

म्हणून गरिबाच्या पोरांना खरेपणा परवडत नाही असं कुणी म्हणालं की मला चीड येते. खोटेपणा परवडत नाही तो त्यांनाच.

यंत्राने हा प्रश्न सुटेल असं काहींना वाटतं. प्रो कबड्डीत कॅमेरे आहेत, संघाला दाद मागता येते. विंबल्डनने २०२५ पासून रेषेवरचे पंचच काढले आणि काम यंत्राला दिलं. चांगली गोष्ट आहे. पण लोधिवलीच्या आसपासच्या शाळेच्या मैदानावर येत्या काही वर्षांत तसले कॅमेरे येणार नाहीत. आपल्याला उपयोगी उदाहरण दुसरीकडे आहे. फ्लाइंग डिस्कचा अल्टिमेट नावाचा खेळ मुंबई-पुण्यातही खेळतात. त्याच्या जागतिक स्पर्धांतसुद्धा चूक झाली की खेळाडू स्वतः सांगतात, वाद झाला की आपापसात बोलून मिटवतात. विश्वविजेतेपदाचा सामना असा खेळता येत असेल, तर खालापूर तालुक्याचा उपान्त्य सामना का नाही? आपल्या पोरांना तर त्याची सवय आहे, अंगठ्याने ओढलेल्या रेघेपासून.

मुलांकडून मी वेगळं काही मागत नाही. त्यांना येतं ते. बाहेर निघालेलं पोर आपणहून निघालेलं असतं, त्याला कुणी ढकललेलं नसतं. मागणं आहे ते मोठ्यांकडे. सर, तुमचा खेळाडू स्वतः बाद सांगून आला तर त्याला जवळ बसवा, पाणी द्या, आणि बाकीच्या सहाजणांसमोर एक शब्दही वाईट बोलू नका. प्रत्येक डावात तुमच्या हाती ३० सेकंदांचे दोन टाइमआउट असतात. त्यातल्या एकात सांगून टाका की पाय लागला तर हात वर करायचा, आपण तो गुण पुढच्या चढाईत परत आणू. ज्या संघाला हे एकदा स्पष्ट सांगितलेलं असतं तो संघ पंचांशी भांडण्यात दम घालवत नाही, आणि कबड्डीत दमाशिवाय आहे काय?

पालकांनो, चित्रीकरण करायचंच तर आपल्या मुलाच्या चुकीचंही करा आणि घरी त्याला दाखवा.

१५ जुलैला आपण कबड्डी दिन पाळतो, बुवा साळवींच्या जन्मदिवशी. शाळाशाळांतून फोटोला हार घातला जातो, एखादं भाषण होतं. शालेय हंगाम तेव्हा तोंडावर असतो. यंदा हार घाला आणि भाषणाऐवजी मैदानावर दोन संघ उतरवा, पंच न नेमता. वीस मिनिटं खेळू द्या. कोण कुठे अडतं, कोण कबूल करतं, कोण दुसऱ्यासाठी खरं बोलतं, हे सगळ्या शाळेला दिसेल. शिक्षकांनाही.

आणि आयोजकांना एक साधी विनंती. पावसाळी सामन्यांना फक्कीच्या भरवशावर राहू नका. जाड सुती पट्टी आणा, कडेला खिळे ठोकून ताणून बसवा. ती भिजते पण हलत नाही. खिळ्यांची डोकी मातीत बुडवा, पोरं अनवाणी असतात. बाजूच्या रेषेपासून प्रेक्षक, बाकडी, बांबू चांगले लांब हटवा. अंतिम रेषेवर दोन सहायक गुणलेखक बसवल्याशिवाय सामना सुरू करू नका, माणसं कमी असतील तर खेळणाऱ्या शाळांचे नसलेले माजी खेळाडू बोलवा, या तालुक्यात ते गावागावात आहेत आणि बोलावलं तर येतात. स्पर्धेआधी क्रीडाशिक्षकांची बैठक होते, तिथे गटवारी आणि जेवणाच्या आधी हा विषय घ्या. आश्रमशाळांच्या शिक्षकांना त्या बैठकीचा निरोप वेळेत पोचेल असं बघा.